तांबड्या रश्श्याबरोबर वाइन : आमचं चुकलं कुठं?

रंकाळा_संध्याकाळ :

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचे सासरे गेल्या महिन्यात रिटायर झाले. उभा जन्म साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेला, चीफ केमिस्ट म्हणून बाहेर पडले. दारूबिरूचा नाद कधीच नव्हता पण कुतूहल दांडगं. टीव्हीवर कुठंतरी वाइन टेस्टिंग बघितलं आणि मला म्हणाले, जावईबापू, हे एकदा करून बघायचं. आता जावईबापू म्हटल्यावर नाही म्हणायची माझी काय टाप. त्यातच आपल्या गावातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या हॉटेलानं (नाव घेत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको) रविवारी दुपारचं जेवण अधिक पाच वाइन अशी स्कीम काढलेली दिसली, म्हटलं चला, गावाबाहेर जायला नको. मी स्वतः वाइन आयुष्यात दोनदा प्यालोय, दोन्ही वेळा कुणाच्या तरी रिसेप्शनला, प्लास्टिकच्या ग्लासातनं, त्यामुळं माझ्याकडून ज्ञानाची अपेक्षा नको.

गेलो चौघं. मी, बायको, सासरे आणि सासूबाई. सासूबाई घेत नाहीत, त्या फक्त जेवायला. टेबलावर प्रत्येकाला पाच ग्लास, पाचही एकदम भरून ठेवलेले, खाली कागदावर नावं. जेवण म्हणजे लोकल टच पाहिजे म्हणून मटण थाळी, तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी, भात. बाटल्या खिडकीजवळच्या टेबलावर मांडलेल्या, शोभेला, त्यावर दुपारचं ऊन. एसी होता पण नुसता आवाजाचा.

वाढणारा पोरगा गुणी होता हो, पण त्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. म्हणाला आधी रेड घ्या सर, तीच मेन आहे. कागदावर कॅबर्ने लिहिलेलं. पहिला घोट ठीक वाटला, जरा तुरट. मग वाटी उचलून तांबडा ओढला आणि त्यावर परत घोट घेतला, तर आईशप्पथ, जिभेला पॉलिश पेपर मारून वर लवंगी मिरची चोळल्यागत झालं. डोळ्यांतनं पाणी. आम्ही कोल्हापूरचे, तिखटाला भिणारी माणसं नाही, पण हे तिखट काहीतरी वेगळंच होतं, खाली उतरतच नव्हतं. दुसऱ्या रेडला वास कसा तर लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडल्यासारखा, आंबट. आणि पांढऱ्या वाइन आल्या शेवटी, कोमट, गुलाबजामबरोबर. त्या गुलाबजामवर ती वाइन म्हणजे निव्वळ लिंबू पिळलेलं पाणी.

मध्ये एक छोटी स्टीलची बादली ठेवली होती. सासऱ्यांनी त्यात नळीची हाडं टाकली. नंतर बायकोनं मोबाइलवर बघून सांगितलं की ती बादली वाइन थुंकायला असते. आता थुंकायचीच तर पैसे कशाला द्यायचे हा सासूबाईंचा प्रश्न, त्याला अजून उत्तर मिळालेलं नाही.

सासऱ्यांनी त्या पोराला विचारलं, ह्याचा ब्रिक्स किती होता? तो म्हणाला, सर, ही ड्राय आहे. सासरे म्हणाले, ड्राय? ओली तर दिसतीय.

तर विषय असा, की आपल्या जेवणाबरोबर वाइन जातच नाही का आमचं काहीतरी चुकलं? सासऱ्यांना परत करायचंय आणि ह्यावेळी घरी. कुणाला अनुभव असेल तर सांगा. आणि ब्रिक्सचं पण सांगा, नाहीतर मला रोज फोन येतोय.


तेरावी_गल्ली :

भावा, तांबड्यावर फक्त तांबडाच. तुम्ही गुलाबजामवर लिंबू पिळून घेतलं आणि त्याचे पैसे पण दिलं, विषय हार्ड हाय. सासऱ्यांना गंगावेशला दूध कट्ट्यावर न्या, म्हशीचं धारोष्ण, तिथं ना ग्लास फिरवायला लागतोय ना बादली.


तळघरातला :

मी दहा-बारा वर्षं हॉटेल लाइनला आहे, आधी नाशिक, मग गोवा, आता परत गावाकडं. आधीच सांगतो, तुमच्या त्या हॉटेलात मी नाही. पण वाचून मान खाली गेली, कारण पाचच्या पाच गोष्टी उलट्या झाल्यात आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नाही, तुमच्या जेवणाचं तर अजिबात नाही.

सगळ्यात आधी गरमी. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची असं सगळे घोकतात पण ती रूम कुठली, तर युरोपातली जुनी दगडी खोली, १६ ते १८ डिग्री. कोल्हापुरात मार्च-एप्रिलमध्ये दुपारी पारा ३५ च्या वर असतो, त्यात खिडकीतली बाटली म्हणजे तुम्ही जवळपास काढा प्यालात. वाइन गरम झाली की त्यातलं अल्कोहोल आधी नाकात जातं, फळाचा वास मागं राहतो. आपल्याकडं रेडसुद्धा अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवूनच काढायची. पांढरी ८ ते १०, फेसाची असेल तर ६ ते ८. घाई असेल तर बादलीत नुसता बर्फ घालू नका, बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, वीस मिनिटांत काम होतं. (ही बादली वेगळी हां, हाडांची नव्हे.)

मग क्रम. हलकी आधी, जड नंतर. फेसाची, पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी, रेड, आणि गोड असेल तर शेवटी. तुम्हाला कॅबर्ने आधी दिली म्हणजे मैफलीत पहिल्यालाच ढोल-ताशा लावला आणि नंतर सतार काढली, ऐकू काय येणार. आणि पाचही ग्लास एकदम भरून ठेवायचं कारण एकच, वाढप्याच्या फेऱ्या वाचतात.

लोणच्याच्या बरणीचा वास म्हणालात ना, ती बाटली बहुतेक आधीची उघडलेली असणार. उघडी बाटली तीन-चार दिवसांत उतरते, अशा उकाड्यात त्याच्याही आधी, आणि शेवटी व्हिनेगरकडं जाते. पुढच्या वेळी बिनधास्त विचारायचं, बाटली कधी उघडलीय? आमच्या समोर उघडा. हा तुमचा हक्क आहे, ह्यात लाजायचं काही नाही. उलट बाटलीला बूच नाही, फिरकीचं झाकण आहे म्हणून ती हलकी असं समजू नका, आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या वाइन फिरकीच्या झाकणात येतात.

आता तुमच्या मूळ मुद्द्यावर, जाळ का झाला. दोन कारणं. एक म्हणजे अल्कोहोल. मिरचीतला जो जळजळ करणारा पदार्थ आहे तो जिभेच्या ज्या नसांना चेतवतो त्याच नसांना अल्कोहोलसुद्धा चेतवतं, त्यामुळं १४ टक्क्यांची वाइन म्हणजे आगीत पेट्रोल. दुसरं टॅनिन. हे द्राक्षाच्या सालीतनं आणि बीतनं येतं. जास्त उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर किंवा कच्ची सुपारी चघळल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते तो टॅनिनचा खेळ, लाळेतल्या प्रोटीनला ते धरून ठेवतं. तोंड कोरडं पडलं आणि त्यावर मिरची. पॉलिश पेपर हा शब्द तुम्ही अगदी बरोबर वापरलाय.

म्हणून तांबड्याबरोबर घ्यायचीच असेल तर टॅनिन नसलेली, अल्कोहोल कमी, थंडगार आणि किंचित गोडसर. सुला कंपनीची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन अशी आहे, जरा गोडाकडं झुकलेली. त्यांची झिन्फांडेल रोझे पण चालते. गोडीनं तिखट मवाळ होतं, आपण तिखट लागल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकतो तेच शास्त्र.


पाटावरवंटा :

मला वाइनमधलं फार कळत नाही, पुण्याला मुलीकडं गेले की अर्धा ग्लास घेते तेवढीच. पण रश्श्यातलं कळतं, म्हणून बोलते.

पहिली गोष्ट, हॉटेलचा तांबडा हा तांबडा नसतो, तो नुसता कट असतो. वर बोटभर तेल आणि रंगाला मिरची. घरचा तांबडा म्हणजे कांदा-लसूण चटणीचा, त्यात ब्याडगी रंगाला, संकेश्वरी आणि जवारी तिखटाला, सुकं खोबरं, तीळ, धने, आणि मटणाचं अळणी पाणी घालून उकळलेला. तो तिखट असतो पण नुसता तिखट नसतो. हॉटेलच्या त्या रश्श्याबरोबर तुम्ही अमृत जरी प्यालात तरी तेच झालं असतं.

दुसरी आणि मला वाटतं मोठी गोष्ट. तांबडा आणि पांढरा हे आपण ओरपतो. वाटीनं पितो. म्हणजे ते स्वतःच पेय आहे. एका पेयावर दुसरं पेय कशाला? चहा पीत पीत ताक पितो का आपण? वाइन घ्यायची तर चावून खायच्या गोष्टीबरोबर घ्या ना, सुकं मटण आहे, भाकरी आहे, खिमा आहे. रस्सा आपला मध्ये मध्ये वेगळा ओरपा, मग भाकरीचा एक कोरडा तुकडा चावा आणि मग ग्लासला हात लावा. सगळं जग ताटात कालवल्यासारखं एकाच वेळी तोंडात घालायचा हट्ट कशाला.


तळघरातला :

काकू, दंडवत. दहा वर्षांत एकाही ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगितलं नाही आणि तुम्ही चार ओळींत सांगितलंत. सुक्याबद्दल शंभर टक्के. सुक्या मटणात चरबी असते, मीठ असतं, मांसाचं प्रोटीन असतं, तिथं टॅनिनला धरायला काहीतरी मिळतं त्यामुळं तीच रेड एकदम मऊ लागते. तिथं शिराझ चालेल, फ्रातेल्लीची सांजोव्हेसे चालेल, त्यात आंबटपणा चांगला असतो, भाजलेल्या खोबऱ्याला आणि कांद्याला उठाव देते. फ्रातेल्ली म्हणजे अकलूजची बरं का, सोलापूर जिल्हा, म्हणजे नाशिकपेक्षा आपल्याला कितीतरी जवळची, आणि आपल्याकडं वाइन म्हटलं की लोक फक्त नाशिकच म्हणतात.

फक्त एका बाबतीत काकू तुमचा नियम मोडणार मी, पांढरा रस्सा. मला विचाराल तर अख्ख्या कोल्हापुरी ताटात वाइनचा खरा सोबती पांढरा आहे. नारळाचं दूध, काजू-खसखस, मिरे-लवंगेची ऊब, मिरचीचा जाळ नाही. एक घोट पांढरा, एक घोट थंड शेनिन ब्लाँ. नाशिकला असताना गावाकडचा डबा यायचा त्यात हे नकळत सापडलं, तेव्हापासून आजतागायत कुणाला पटवता आलेलं नाही.


पाटावरवंटा :

पांढऱ्याचं करून बघेन. पण पांढरा फुटलेला नसावा. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळी आणायची नाही, नुसती वाफ धरली की उतरवायचा. हॉटेलात तो सकाळी करून ठेवतात आणि दुपारपर्यंत चारदा गरम करतात, मग त्याचं चोथा-पाणी वेगळं होतं आणि ते झाकायला मैदा. असल्या पांढऱ्याबरोबर करून बघितलंत तर दोष वाइनला देऊ नका.


बेदाणा_शेड :

तासगाव तालुका. द्राक्षबागायतदार. ब्रिक्स शब्द वाचला आणि राहवलं नाही, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, वाइनच्या टेबलावर बरोबर प्रश्न विचारणारा पहिला माणूस.

उसाच्या रसाला ते रोज ब्रिक्स, म्हणजे ढोबळमानानं रसातली साखर किती टक्के ते, बघत असणार, आम्ही बागेत तेच करतो, मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकायचा आणि उजेडाकडं धरून बघायचं. खायची द्राक्षं, म्हणजे आमची सोनाका, थॉमसन, १६-१८ ब्रिक्सच्या पुढं गेली की माल काढायला हरकत नसते. वाइनची द्राक्षं २२ ते २४ पर्यंत झाडावर ठेवतात. मग त्या रसातली साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल करतं. साधा हिशोब, ब्रिक्सला ०.५५ नं गुणा, येईल ते अंदाजे अल्कोहोल. २४ ब्रिक्स असेल तर तेरा-सव्वातेरा टक्के. सासऱ्यांना हा हिशोब नवीन नाही, कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीचं तेच होतं, फक्त मळीला कुणी ग्लासात फिरवून हुंगत नाही.

ड्राय म्हणजे ओली-सुकी असं नाही, यीस्टनं जवळपास सगळी साखर खाऊन संपवली, गोडी उरली नाही म्हणजे ड्राय. यीस्टचं काम मध्येच थांबवलं, थोडी साखर शिल्लक ठेवली तर गोडसर. आणि लेट हार्वेस्ट म्हणतात ती, घड झाडावर जास्त दिवस ठेवायचे, पाणी कमी होतं, साखर घट्ट होते, मग वाइन गोडच होते. म्हणजे बेदाण्याच्या वाटेला लावलेलं द्राक्ष मध्येच परत बोलावलं असं समजा.

वाइनचं द्राक्ष दिसायला अगदीच गरीब असतं. आमच्या मण्याला आम्ही जीएचं (जिबरेलिक अ‍ॅसिड, मणी वाढवायचं औषध) डिपिंग करून लांबवतो, फुगवतो, बाजारात दिसायला पाहिजे ना. वाइनच्या मण्याला असलं काही नाही, बारका, गोल, साल जाड, आत बिया. खायला घेतलात तर थुंकून टाकाल. पण रंग, वास आणि तो मघाचा तुरटपणा सगळा त्या जाड सालीत आणि बीत असतो, त्यामुळं बारका मणीच पाहिजे, रसाच्या मानानं साल जास्त.

हंगाम पण आपला युरोपच्या उलटा. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडणी, आपल्याकडं त्या दिवसांत फळछाटणी. एप्रिलला खरड छाटणी, दसऱ्याच्या आगंमागं फळछाटणी, आणि माल जानेवारी ते मार्चला. पावसाळ्यात घड झाडावर ठेवला तर सडून जाईल, म्हणून वर्षातनं दोनदा छाटून वेलीला फसवायचं. नाशिक असो, अकलूज असो, सगळीकडं हेच.

एक कडू गोष्ट पण सांगतो. २००१ ला सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, आमच्याकडं पलूसला आणि नाशिककडं विंचूरला वाइन पार्क काढले, तेव्हा आमच्या चुलत्यांनी दोन एकर थॉमसन काढून तिथं कॅबर्ने लावली. एका कंपनीचा करार होता. चार वर्षं बरी गेली. मग २००८-०९ ची मंदी आली, मागणी पडली, कंपनीनं माल उचलायचा बंद केला. वाइनचं द्राक्ष बाजार समितीत नेऊन विकता येत नाही, कोण खाणार? बेदाणा करावा तर नुसत्या बिया. शेवटी चुलत्यांनी ती बाग कुऱ्हाडीनं काढली आणि जळणाला वापरली. मागच्या वर्षाचे पैसे आले नाहीत ते नाहीतच. त्यामुळं आमच्या घरात वाइन हा शब्द अजून जरा दबकूनच काढतात. मी घेतो कधीतरी, पण चुलत्यांच्या समोर नाही.


तेरावी_गल्ली :

वरचं वाचून गप्प झालो भावा. चुलत्यांना नमस्कार.


एसटी_स्टँड_समोर :

दोन कोरड्या गोष्टी, कुणी बोललं नाही म्हणून. महाराष्ट्रात वाइन आणि बिअरला वय २१ पूर्ण पाहिजे, हार्डला २५. आणि दारू प्यायचा परवाना असतो, एक दिवसाचाही मिळतो, हॉटेलवाले बिलात धरतात त्यामुळं कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि पाच ग्लास म्हणजे नुसती चव असं समजून गाडी चालवू नका. एका ग्लासात ६० मिली धरले तरी पाचाचे ३०० झाले, बाटली ७५० ची असते, म्हणजे माणशी बाटलीचा चाळीस टक्के भाग. तो थुंकायचा प्रकार ह्याचसाठी असतो, सासूबाईंना सांगा. ज्याला गाडी चालवायचीय त्यानं घ्यायचीच नाही, रिक्षा करा.


दसरा_चौक_शाकाहारी :

आमच्यासारख्यांनी काय करायचं? भरली वांगी, अख्खा मसूर, पिठलं?


तळघरातला :

भरल्या वांग्याबरोबर थंड रोझे. शेंगदाण्याचं कूट आणि खोबरं आहे त्यात, छान बसतं. अख्ख्या मसूरबरोबर हलकी रेड. पिठल्याबरोबर वाइन नको, पिठल्याबरोबर कांदा.


रंकाळा_संध्याकाळ :

मंडळी, दोन आठवड्यांनी परत आलोय, उशिराबद्दल सॉरी. सगळ्यांचं वाचून दाखवलं सासऱ्यांना, दोनदा. बेदाणावाले दादा, तुमचं चुलत्यांचं ऐकून ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, कारखान्यानं ऊस नेला नाही की काय होतं ते मी गेटवर बघितलंय. मग ०.५५ वर आले आणि खूश झाले. कागदावर मांडून बघितलं, म्हणाले थिअरीनं ह्यापेक्षा जास्त यायला पाहिजे, उरलेलं जातं कुठं? मी म्हटलं यीस्टला विचारा.

रविवारी घरी केलं. चार बाटल्या आणल्या, शेनिन ब्लाँ, रोझे, सांजोव्हेसे आणि एक लेट हार्वेस्ट. सासरे सकाळी साडेनऊलाच हजर, हातात पिशवी, पिशवीत काय तर थर्मामीटर आणि एक वही. वहीवर रेघा मारून आणलेल्या. नमुना क्रमांक, तापमान, वास, चव, शेरा. आमच्या फ्रिजचं दार त्या दिवशी इतक्या वेळा उघडलं गेलं की दूध नासतं का काय वाटलं.

पांढरा पाटावरवंटा काकूंच्या पद्धतीनं, उकळी न आणता. बायकोनं तिथं उभं राहून राखण केली. पहिला नमुना शेनिन, ९ डिग्री. आधी सासऱ्यांनी नुसती घेतली, मान हलवली, काही बोलले नाहीत. मग पांढऱ्याचा एक घोट, मग वाइन. आणि मग त्यांनी वाटी खाली ठेवली, ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी पण घेतली. तळघरातले दादा, नाद खुळा. रश्श्यातले मिरे जे नुसते घशाशी जाणवतात ते एकदम पुढं आले, आणि ती जी तोंडाला खोबऱ्याची साय बसते ती धुतली गेली, परत पहिल्यापासून प्यायला तयार. तीन वाट्या झाल्या माझ्या, मग बायकोनं पातेलं उचललं.

सासूबाई घेत नाहीत हे सांगितलंच होतं. पण ग्लास पुढ्यात होता म्हणून त्यांनी सहज उचलून नाकाशी नेला आणि म्हणाल्या, ह्याला पेरूचा वास येतोय. पिकल्या पेरूचा, कापल्यावर येतो तो. आम्ही सगळ्यांनी परत हुंगून बघितलं तर खरंच पेरू! त्या आधी आम्ही तिघं दहा मिनिटं फळाचा आहे, फळाचा आहे एवढंच म्हणत होतो. मग प्रत्येक ग्लास आधी सासूबाईंकडं जायला लागला. रोझेला म्हणाल्या कलिंगड, तेही साल जवळचं, पांढरट भागाचं. सासऱ्यांनी निमूटपणे वहीत वासाच्या रकान्यात तेच लिहिलं.

तांबड्याबरोबर रोझे घेतली. जाळ झाला नाही, मान्य. पण मजा पण काही आली नाही, दोघं आपापल्या जागी बसून राहिले, पाहुण्यांसारखे. सासऱ्यांचा शेरा, चालेल, गरज नाही. तेरावी गल्ली, तू जिंकलास.

सुकं आणि सांजोव्हेसे, १७ डिग्री. हे काकूंनी सांगितलं तसं, आधी भाकरीचा तुकडा, मग सुकं, मग घोट. हॉटेलातली रेड आणि ही रेड एकाच जातीचं पेय आहे ह्यावर माझा विश्वासच बसेना. जीभ ओढली जाते पण मटणाचा तुकडा तोंडात असला की तो तुरटपणा कुठंतरी विरघळून जातो. मग सासऱ्यांच्यातला केमिस्ट जागा झाला. तीच बाटली त्यांनी तासभर ओट्यावर ठेवून दिली, २९ डिग्री झाली, परत चाखली. तोंड वाकडं. शेरा, नापास. मग परत अर्धा तास फ्रिजमध्ये, परत चाखली, पास. त्यांना सगळ्यात जास्त आनंद ह्याच प्रयोगाचा झाला असं मला वाटतं.

फसलं ते शेवटी. लेट हार्वेस्टबरोबर आम्ही बासुंदी केली होती, तर वाइन आंबट लागायला लागली, परत तोच गुलाबजामचा प्रकार. बासुंदी वाइनपेक्षा जास्त गोड झाली बहुतेक. मग कपाटातनं तासगावचा बेदाणा आणि काजू काढले, त्याबरोबर मात्र झकास. चाळीस टक्क्यांचा हिशोब लक्षात ठेवून सासऱ्यांना रिक्षानंच घरी सोडलं, आणि बादली ठेवली होती, ह्यावेळी हाडांचीच.

आता पुढच्या महिन्यात अकलूजला जायचं ठरतंय, सासऱ्यांना टाक्या बघायच्यात आणि तिथल्या केमिस्टला भेटायचंय. तळघरातले दादा, तिथं आधी फोन करून जावं लागतं का ते सांगा.

वही आमच्याकडंच राहिली होती, काल उघडून बघितली. चार नमुने सासऱ्यांच्या अक्षरात, आणि खाली पाचवा सासूबाईंच्या अक्षरात, नमुना ५, सोलकढी, तांबड्याबरोबर, सगळ्यांत पास. फोन करून सांगितलं तर सासरे म्हणाले, ती नोंद ग्राह्य धरू नका, तापमान घेतलेलं नाही.